भरवशाच्या पाककृतीची पार्श्वभूमी

घरी स्वयंपाक करणाऱ्याला आज पाककृती मिळवण्यासाठी खटपट करावी लागत नाही. खटपट करावी लागते ती मिळालेल्या पाककृतींपैकी कोणावर भिस्त ठेवावी हे ठरवण्यासाठी. साहित्य आणून, वेळ खर्चून आणि सांगितल्याप्रमाणे सारे करूनही पदार्थ फसला, तर दोष आपल्या हाताचा की लिहिणाऱ्याचा हे नवख्या माणसाला कळत नाही, आणि बहुतेक जण तो स्वतःकडेच घेतात. पाकपुस्तकांचा इतिहास पाहिला तर हा दोष पुष्कळदा लिखाणात असतो असे दिसते. नेमके माप, आचेचा हिशेब आणि छापण्यापूर्वीची पडताळणी ही भरवशाच्या पाककृतीची अंगे आज आपण गृहीत धरतो. प्रत्यक्षात ती वेगवेगळ्या काळी आणि फार उशिरा आली.

सर्वांत जुन्या ज्ञात लिखित पाककृतींमध्ये येल विद्यापीठाच्या संग्रहातील बाबिलोनी मृत्तिकापट्टिकांची गणना होते. त्यांतल्या तीन पट्टिका इ. स. पू. १७३० च्या सुमारास अक्कादी भाषेत लिहिल्या गेल्या आणि एकीवर पंचवीस रस्सेदार पदार्थांच्या कृती आहेत. हा मजकूर इतका त्रोटक आहे की तो औषधांचा असावा असा समज बराच काळ होता. १९८० च्या दशकात फ्रेंच अभ्यासक झां बोतेरो यांनी त्याचा नीट उलगडा केला. पट्टिकांवर घटकांची नावे आणि क्रियांचा क्रम आहे, पण किती घ्यायचे आणि किती वेळ शिजवायचे हे बहुतेक ठिकाणी नाही. १३९० च्या सुमारास इंग्लंडचा राजा दुसरा रिचर्ड याच्या आचाऱ्यांनी केलेल्या संग्रहातही प्रमाणे क्वचितच सापडतात. याला लेखकांची हयगय म्हणणे अन्यायाचे होईल. ज्याचा हात आधीच बसलेला आहे अशा आचाऱ्यासाठी ते टिपण होते, आणि माप त्याच्या हातात होते.

छपाई आल्यावर वाचक बदलला, मजकूर मात्र लगेच बदलला नाही. पहिले छापील पाकपुस्तक म्हणून ज्याचा उल्लेख होतो ते १४७० च्या दशकात इटलीत निघाले. त्याचे कर्ते प्लातिना हे स्वयंपाकी नव्हते, विद्वान होते. पुस्तकातील पाककृतींचा मोठा भाग त्यांनी मार्टिनो या आचाऱ्याकडून घेतला आणि ते ऋण मान्यही केले. पुढच्या लेखकांनी एवढा मोकळेपणा ठेवला नाही. हाना ग्लास यांचे १७४७ मधले इंग्रजी पुस्तक घरकामाला असलेल्या मुलींनाही समजेल अशा सोप्या भाषेमुळे अतिशय लोकप्रिय झाले, पण त्यातील शेकडो पाककृती आधीच्या छापील पुस्तकांतून उचललेल्या होत्या असे संशोधकांनी दाखवून दिले आहे. या उचलेगिरीत लेखकावरील अन्यायाइतकेच वाचकाचे नुकसान आहे, कारण न करता उतरवलेल्या पाककृतीबरोबर तिच्यातली चूकही एका पुस्तकातून दुसऱ्या पुस्तकात जाते, आणि चार ठिकाणी तीच कृती दिसली म्हणजे ती बरोबर असावी असे वाचकाला वाटू लागते.

या साखळीत एलायझा ॲक्टन यांचे नाव मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. मूळच्या कवयित्री असलेल्या या इंग्रज लेखिकेने १८४५ मध्ये घरगुती स्वयंपाकाचे जे पुस्तक लिहिले, त्यात प्रत्येक कृतीच्या शेवटी लागणारे जिन्नस, त्यांची प्रमाणे आणि लागणारा वेळ असा वेगळा गोषवारा दिला, आणि कृती कुठे बिघडू शकते याच्या सूचना जोडल्या. प्रस्तावनेत त्यांनी या कृती आपल्या घरात, आपल्या देखरेखीखाली करून पाहिल्या असल्याची ग्वाही दिली. पाककृतीखाली अशी जबाबदारी घेणे ही त्या काळी असाधारण गोष्ट होती. दहा वर्षांनी, १८५५ च्या आवृत्तीत, आपले लिखाण इतरांनी नाव न घेता वापरल्याची तक्रार त्यांना करावी लागली, आणि स्वतःच्या कृतींवर त्या तशी खूण करू लागल्या.

त्यानंतर सहा वर्षांनी आलेल्या इझाबेला बीटन यांच्या पुस्तकाने जिन्नसांची यादी कृतीच्या वर आणली, म्हणजे आज आपल्याला परिचित असलेला आराखडा रुळवला. पहिल्या वर्षातच त्याच्या साठ हजार प्रती खपल्या. त्यातील पुष्कळ कृती मात्र इतरांच्या होत्या, ॲक्टन यांच्याही. आराखडा नेटका असला म्हणून आतला मजकूर पारखलेला असतोच असे नाही, ही गोष्ट तेव्हापासूनची आहे. बीटन यांच्या पुस्तकात मोठी गाजरे उकडायला पावणेदोन ते सव्वादोन तास सांगितले आहेत. आजच्या वाचकाला हा आकडा अविश्वसनीय वाटतो, कारण छापील वेळ ही त्या काळच्या भाज्या, चुली आणि आवडीनिवडी यांना बांधलेली असते, आणि यांपैकी काहीही बदलले की ती लागू पडत नाही.

कप-चमच्यांच्या मापाचा प्रश्न मार्गी लागायला १८९६ साल उजाडले. तोवर लोण्याचा गोळा अंड्याएवढा घ्यावा, पीठ चहाच्या कपाने घ्यावे, अशी भाषा चाले. आणि कप, अंडे, चमचा हे सारे घरोघर वेगळे. बॉस्टनच्या पाकशाळेच्या मुख्याध्यापिका फॅनी फार्मर यांनी आपल्या पुस्तकात कप असो वा चमचा, माप सपाट, म्हणजे वरची शीग सुरीने काढून घ्यायचे, असा दंडक घातला. प्रकाशकाचा त्या पुस्तकावर इतका कमी भरवसा होता की पहिल्या तीन हजार प्रतींचा खर्च त्यांना स्वतः करावा लागला. पुढे ते पुस्तक पिढ्यान्‌पिढ्या खपत राहिले.

तरीही कपाचे भांडण पूर्ण मिटले नाही, आणि आजच्या वाचकाने इथे विशेष सावध राहायला हवे. अमेरिकी कप सुमारे २४० मिलिलिटरचा, तर ऑस्ट्रेलियातला २५० चा; टेबलचमचा बहुतेक ठिकाणी १५ मिलिलिटरचा असताना ऑस्ट्रेलियात तो २० चा धरतात; ब्रिटिश पाइंट ५६८ आणि अमेरिकी ४७३ मिलिलिटरचा. माप एकच असले तरी पीठ भरण्याच्या पद्धतीने फरक पडतो: चमच्याने हलके घालून सपाट केलेल्या कपात मैदा १२० ग्रॅमच्या आसपास बसतो आणि डब्यात कप खुपसून भरला तर तो १५० पर्यंत जातो. चार कपांच्या कृतीत ही तफावत शंभर ग्रॅमच्या वर जाते, आणि घट्ट झालेल्या पिठाचा दोष मग मळणाऱ्याला लागतो. म्हणून भाजायच्या, विशेषतः ओव्हनमधल्या पदार्थांसाठी ग्रॅममध्ये प्रमाणे देणारे पुस्तक मी केव्हाही आधी निवडेन.

आचेचा हिशेब त्याहून उशिरा जमला. लाकडाच्या वा कोळशाच्या भट्टीत पांढरा कागद ठेवून तो किती वेळात तांबूस होतो यावरून, किंवा नुसता हात आत धरून, उष्णता जोखली जाई. पुस्तके फार तर भट्टी मंद हवी की कडक एवढे सांगत. १९२३ मध्ये ब्रिटनमध्ये तापमान आपोआप राखणारे गॅसचे ओव्हन घरगुती वापरासाठी आले आणि त्यानंतर तिथे आकड्यात उष्णता लिहिण्याला अर्थ आला. आजही घरच्या ओव्हनचा आकडा आणि आतले खरे तापमान यांत अंतर असू शकते, पंख्याच्या ओव्हनला साधारण २० अंश सेल्सिअस कमी लागते, आणि समुद्रसपाटीपासून दर ३०० मीटर उंचीला पाण्याचा उत्कलनबिंदू सुमारे एका अंशाने उतरतो. म्हणून चांगला लेखक मिनिटांबरोबर खूणही देतो: कडा सुटल्या, रंग बदलला, फेस बसला.

पडताळणीला संस्थेचे रूप विसाव्या शतकात आले. एका अमेरिकी गृहमासिकाने १९०० मध्ये प्रयोगघर काढले, आणि पुढे पीठ, बेकिंग पावडर, ओव्हन विकणाऱ्या कंपन्यांनीही स्वतःची चाचणी-स्वयंपाकघरे उभारली. बेटी क्रॉकर हे तर १९२१ मध्ये एका पीठ कंपनीने ग्राहकांच्या पत्रांना उत्तरे देण्यासाठी योजलेले काल्पनिक नाव होते. कंपन्यांच्या पुस्तिका पारखलेल्या असत, पण त्या त्यांचाच माल वापरून, आणि तो खपावा म्हणून. याउलट अमेरिकी लेखिका ज्युलिया चाइल्ड आणि त्यांच्या दोन फ्रेंच सहकाऱ्यांनी फ्रेंच स्वयंपाकावरच्या १९६१ च्या ग्रंथासाठी अमेरिकी घरात मिळणारे साहित्य आणि भांडी घेऊन वर्षानुवर्षे कृती करून पाहिल्या. वाचकाच्या स्वयंपाकघरासारख्या स्वयंपाकघरात चाचणी करण्याचे महत्त्व त्यातून कळते.

एका बाबतीत तर पडताळणी चवीपुरती राहत नाही. हवाबंद बरण्यांत भाज्या किंवा मांस टिकवताना बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेच्या जंतूंचे बीजाणू, म्हणजे त्यांची चिवट सुप्त रूपे, उकळत्या पाण्याच्या तापमानाला मरत नाहीत. त्यासाठी दाबाच्या भांड्यातच मिळणारे ११६ अंश सेल्सिअस वा त्याहून अधिक तापमान लागते. अमेरिकेच्या कृषी खात्याने १९१७ पासूनच अशा कमी आम्लाच्या पदार्थांसाठी दाबाची पद्धत सांगितली. अशा कृतीसाठी कुणाच्या जुन्या वहीवर विसंबू नये.

आज मात्र नवीन पुस्तकावरही पडताळणीची खात्री आपोआप मिळत नाही. अमेरिकी कायद्यानुसार जिन्नसांच्या नुसत्या यादीला स्वामित्वहक्क नाही, त्यामुळे उतरवून घेणे सोपे राहिले आहे. इंटरनेटवर पाककृतींना वाचकांनी पसंती म्हणून दिलेल्या ताऱ्यांमध्ये अर्धे जिन्नस बदलून मत देणाऱ्यांचेही तारे असतात. आणि बहुतेक प्रकाशक कृती स्वतः करून पाहत नाहीत, चाचणीचा भार व खर्च लेखकावरच सोडतात. काही लेखक तो उचलतात आणि ज्यांनी आपापल्या घरी कृती करून पाहिल्या त्यांची नावे ऋणनिर्देशात देतात. पुस्तक विकत घेण्यापूर्वी ते पान, आणि वापरलेला कप किती मिलिलिटरचा हे सांगणारा मापांचा तक्ता, एवढे दोन्ही उघडून पाहता येतात.