बिस्किटातला ‘बे’

ग्रुपवर पुन्हा ती यादी आली. संस्कृत ‘द्व’, लॅटिन ‘दुओ’, मलाय ‘दुआ’. सगळ्यांचा अर्थ दोन, म्हणून जगातल्या साऱ्या भाषा संस्कृतातून निघाल्या! कानाला सारखं लागलं की नातं जुळवायचं, ही पत्रिका जुळवण्याचीच रीत झाली.

त्यापेक्षा आपला पाढा बघा. ‘बे दुणे चार’. यातला ‘बे’ म्हणजे ‘द्वे’ आणि ‘दुणे’ म्हणजे ‘द्विगुण’. एकाच ओळीत एकाच ‘द्व’ची दोन रूपं, एकात ‘ब’ आणि दुसऱ्यात ‘द’. मराठीने दोन्ही सांभाळली आहेत. दोन, दुप्पट, दुहेरी एका बाजूला. बारा, बावीस, बत्तीस, बेचाळीस दुसऱ्या बाजूला. भाऊबीजेतली ‘बीज’सुद्धा ‘द्वितीया’च. गुजरातीत तर साधा आकडाच ‘बे’ आहे.

‘द्व’चा ‘ब’ होतो कसा? सावकाश उच्चारून पाहा. ‘द’ला जीभ दातांना टेकते आणि हवा पूर्ण अडते. ‘व’ला ओठ जवळ येतात, पण हवा वाहत राहते. भरभर बोलताना दोन्ही कामं एकात उरकली, तर अडवणूक ‘द’ची राहते आणि जागा ‘व’ची. ओठांवर पूर्ण अडलेली हवा म्हणजे ‘ब’. उलट, ‘व’ पुढच्या स्वरात विरघळला की ‘दो’, ‘दु’ उरतात.

लॅटिननेही हेच केलं, तेही आपल्याला न विचारता. तिथे ‘दुइस’चं ‘बिस’ झालं (दोनदा), ‘दुएल्लुम’चं ‘बेल्लुम’ (युद्ध), ‘दुएनोस’चं ‘बोनुस’ (चांगला). बिस्किट म्हणजे ‘बिस कोक्तुस’, दोनदा भाजलेलं. पाढ्यातला ‘बे’ आणि बिस्किटातला ‘बि’ एकाच मुळाचे, पण ‘ब’पर्यंत दोघे आपापल्या वाटेने पोचले.

आता यादीतला ‘दुआ’. मलायने संस्कृतातून शब्द भरपूर उचलले, पण हा तिचा घरचा आहे. त्याची भावंडं पॅसिफिकमध्ये सापडतात: माओरीत ‘रुआ’, हवाईयनमध्ये ‘लुआ’. आपल्या ‘द्व’शी त्याचा संबंध नाही.

आणि जो खरा नातेवाईक, तो यादीत कधीच नसतो. आर्मेनियन भाषेत दोनला ‘एर्कु’ (उच्चार ‘येर्कु’) म्हणतात. ना ‘द’, ना ‘व’! फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ आंत्वान मेये यांनी दाखवलं, की मूळ ‘द्व’च्या जागी आर्मेनियनात ‘एर्क’ येतो. ‘द’ कठोर होऊन ‘त’ झाला (‘दश’ तिथे ‘तास्न’ आहे), ‘व’ घशाकडे सरकून ‘क’ झाला, ‘त्क’चा ‘र्क’ झाला आणि उच्चार सोपा व्हावा म्हणून सुरुवातीला ‘ए’ लागला. एकाच शब्दापुरतं असतं तर ही ओढाताण वाटली असती. पण ‘लांब’ला आर्मेनियनात ‘एर्कार’ म्हणतात, आणि ग्रीकमधल्या त्याच्या भावंडाचं जुनं रूप ‘द्वारोस’ होतं. ‘भिणे’ या अर्थाच्या आर्मेनियन क्रियापदातही तीच अदलाबदल दिसते.