पार्श्वभूमी : मुलांच्या मेंदूतील गाठी आणि ऊतकातल्या खुणा

मुलाच्या मेंदूतील गाठीचा पॅथॉलॉजी रिपोर्ट आज हातात घेतला तर गाठीच्या नावाखाली आठ-दहा ओळींची यादी दिसते. अमुक प्रथिन पॉझिटिव्ह, तमुक नाहीसे, की-६७ इतके टक्के. आईवडिलांचा प्रश्न एकच असतो, पुढे काय? त्या प्रश्नावर बोलण्याचा अधिकार या ओळींना मिळून जेमतेम तीस-पस्तीस वर्षे झाली आहेत.

त्याआधी अंदाज बांधला जाई तो गाठीच्या मापावरून. लहान मेंदूतल्या मेड्युलोब्लास्टोमाला हे नाव १९२५ मध्ये मिळाले. ज्या 'मेड्युलोब्लास्ट' पेशीवरून ते दिले गेले ती पेशी पुढे कुणालाच सापडली नाही, नाव मात्र चिकटले. १९६९ मध्ये या गाठीच्या पसाऱ्याचे टप्पे ठरले. पुढे वय तीनच्या खाली की वर, शस्त्रक्रियेनंतर उरलेला भाग दीड चौरस सेंटिमीटरपेक्षा मोठा की लहान आणि गाठ इतरत्र पसरली आहे का, एवढ्यावर मुलाचा धोका 'साधारण' की 'जास्त' हे ठरू लागले. हे निकष टाकाऊ नव्हते, आजही ते वापरात आहेत. पण एकाच रकान्यातल्या, एकच उपचार घेतलेल्या दोन मुलांपैकी एक बरे होते आणि दुसऱ्याची गाठ दीड वर्षात परतते, ते का, हे त्यांतून कळत नव्हते.

की-६७ ची अँटिबॉडी, म्हणजे ठरावीक प्रथिनाला चिकटून ते दाखवणारा रेणू, १९८३ मधली. 'की' म्हणजे जर्मनीतले कील शहर, आणि ६७ हा प्रयोगशाळेतल्या प्लेटवरच्या खळग्याचा क्रमांक. विभाजनाच्या वाटेवर असलेल्या पेशींची केंद्रके ती रंगवते. अडचण एवढीच की तिला गोठवलेले ताजे ऊतक लागे, आणि रुग्णालयांच्या कपाटांत वर्षानुवर्षे साठत होते ते ऊतक मेणात बसवलेले पॅराफिनचे ठोकळे. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला पॅराफिनवर चालणारी नवी अँटिबॉडी आली, काप गरम करून झाकलेली प्रथिने उघडी करण्याची युक्तीही रुळली, आणि जुनी कपाटे एकदम बोलकी झाली. ज्या मुलांचे पुढे काय झाले ते आधीच माहीत होते, त्यांच्याच गाठी आता नव्याने रंगवता येत होत्या. त्या दशकात मार्करांचे, म्हणजे पुढचा अंदाज सांगू पाहणाऱ्या अशा खुणांचे, पीक आले ते त्यामुळे. त्यातले बरेचसे पुढे टिकले नाही, हेही खरेच.

'पॉझिटिव्ह' या शब्दाने तेव्हापासून बराच घोळ घातला आहे. पी५३ हे प्रथिन निरोगी पेशीत लगेच मोडते, त्यामुळे रंगत नाही. साचले की केंद्रक तपकिरी दिसते. पण किती केंद्रके, आणि किती गडद? एका प्रयोगशाळेची रेघ दुसरीला मान्य नसे. तरीही २००२ मध्ये उच्च श्रेणीच्या, म्हणजे वेगाने वाढणाऱ्या, ग्लायोमाच्या (मेंदूतल्या आधार-पेशींच्या गाठीच्या) ११५ मुलांवरचा अभ्यास आला, तो दुर्लक्ष करण्याजोगा नव्हता. पी५३ कमी असलेल्या ७४ मुलांपैकी ४४ टक्के पाच वर्षांनी गाठ न वाढता होती, जास्त असलेल्या ४१ मध्ये १७ टक्के. ही मुले ज्या उपचार-चाचणीतली होती तिच्या स्लाइड्स पुन्हा पाहिल्या तेव्हा उच्च श्रेणीच्या म्हणून घेतलेल्या बऱ्याच गाठी मुळात निम्न श्रेणीच्या निघाल्या. डोळ्यांनी ठरवलेल्या श्रेणीवर किती भिस्त ठेवायची, हा प्रश्न तिथून मागे लागला.

उलट, रंग नसणे हीच खूण असलेला एक मार्कर सरळ निघाला. आयएनआय-१ हे प्रथिन जवळपास सगळ्या निरोगी पेशींच्या केंद्रकात असते. १९९८ मध्ये त्याच्या जनुकातला बिघाड ऱ्हॅब्डॉइड या लहान मुलांतल्या आक्रमक गाठींशी जोडला गेला आणि २००४ च्या सुमारास अँटिबॉडी हाताशी आली. स्लाइडवर गाठीच्या पेशी फिक्या निळ्या आणि मधूनच जाणाऱ्या रक्तवाहिनीच्या भिंतीवरची केंद्रके तपकिरी दिसतात. रक्तवाहिनी रंगली नसेल तर चूक रंगवण्यात आहे, गाठीबद्दल काही बोलू नये. पूर्वी मेड्युलोब्लास्टोमा म्हणून गेलेल्या काही गाठींची ओळख यामुळे बदलली.

आता मुख्य वादाकडे, म्हणजे पॉन्समधल्या गाठीची बायोप्सी करावी की नाही याकडे. ब्रेनस्टेममधल्या, म्हणजे मेंदूच्या देठातल्या, पॉन्स या भागात पसरणारा ग्लायोमा ही मुलांमधली सर्वांत जीवघेणी गाठ. निदानानंतरचे आयुष्य बहुधा वर्षभराच्या आत, दोन वर्षांनी जेमतेम १० टक्के मुले उरतात. आणि नेमक्या याच गाठीचे ऊतक जवळपास वीस वर्षे कुणाकडे नव्हते. १९९३ मध्ये अनेक रुग्णालयांच्या एका संयुक्त संशोधन गटाने लिहिले की एमआरआयवर चित्र ठसठशीत असेल तर बायोप्सीची गरज नाही. तेव्हाच्या दृष्टीने यात वावगे काही नव्हते. पॉन्समधून चेहऱ्याच्या, डोळ्यांच्या नसा जातात, हातापायांकडे उतरणारे मार्ग जातात. सुई चुकली तर मुलाचे उरलेले महिनेही बिघडणार. शिवाय रिपोर्ट काहीही आला तरी द्यायची होती ती रेडिओथेरपीच. मग कशाला टोचायचे?

पण सल्ल्याचा बघता बघता रिवाज झाला. ऊतक नाही म्हणून संशोधन नाही, संशोधन नाही म्हणून नवा उपचार नाही, आणि नवा उपचार नाही म्हणून ऊतक घेण्याचे कारण नाही, असे ते चक्र फिरत राहिले. त्या काळात या मुलांवर औषधांच्या कितीतरी चाचण्या झाल्या. त्यातली बरीचशी औषधे मोठ्यांच्या ग्लायोमासाठी तयार झालेली होती, दोन्ही गाठी एकच असे गृहीत धरून. सावधगिरीची किंमत असते आणि इथे ती बरीच मोठी होती, असे मागे वळून पाहताना म्हणावेच लागते. २००७ मध्ये एका फ्रेंच गटाने २४ मुलांच्या स्टिरिओटॅक्टिक (स्कॅनवरून जागा मोजून सुईने केलेल्या) बायोप्सीचा अनुभव मांडला आणि धोका समजला जातो तेवढा नाही हे दाखवले. त्यावर टीकाही पुष्कळ झाली.

कोंडी फुटली ती बहुतांशी शवविच्छेदनातल्या ऊतकामुळे, म्हणजे मूल गेल्यावर आईवडिलांनी दिलेल्या परवानगीमुळे. २०१२ च्या सुरुवातीला दोन गटांनी जवळजवळ एकाच वेळी सांगितले की या गाठींत, डीएनए ज्याभोवती गुंडाळलेला असतो त्या हिस्टोन एच३ या प्रथिनात, २७ व्या जागी लायसिन या अमिनो आम्लाऐवजी मेथायोनिन येते ('के२७एम'). पॉन्सच्या गाठींत हे प्रमाण ८० टक्क्यांच्या आसपास निघाले. मोठ्यांच्या गाठीत असे क्वचितच दिसते. (काही जनुकीय रिपोर्टांत हेच 'के२८एम' असे छापून येते. मोजणीत पहिले अमिनो आम्ल धरले की आकडा एकने वाढतो, बदल तोच. यावरून गोंधळलेले फोन अजूनही येतात.)

२०१६ च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात ही खूण गाठीच्या नावातच गेली आणि स्लाइड कितीही सौम्य दिसो, श्रेणी थेट चौथी, म्हणजे सर्वांत घातक, ठरली. घाई झाली. हाच बदल न पसरणाऱ्या काही गाठींतही सापडू लागला आणि तिथे तो तेवढा मारक असेलच असे नव्हते. २०१८ मध्ये खुलासा करावा लागला की गाठ पसरणारी, मध्यरेषेवरची आणि ग्लायोमाच असेल तरच हे नाव द्यावे. २०२१ मध्ये शब्द पुन्हा बदलले, कारण या बदलामुळे हिस्टोनवरची जी रासायनिक खूण पुसली जाते तीच, हा बदल नसतानाही, पुसली गेलेल्या गाठी आढळल्या होत्या.

मेड्युलोब्लास्टोमाची वाट त्या मानाने सोपी होती, कारण तिथे ऊतकाची ददात नव्हती. २००५ मध्ये १०९ गाठींत बीटा-कॅटेनिन हे प्रथिन तपासले गेले. ते केंद्रकात शिरलेल्या सुमारे पाव मुलांपैकी ९२ टक्के पाच वर्षांनी हयात होती, बाकीच्यांत ६५ टक्के. पुढे प्रत्येक प्रयोगशाळेने आपापले उपगट पाडले. एकीचा 'सी' तो दुसरीचा 'सी' नव्हे, अशी स्थिती आली तेव्हा २०१० मध्ये बैठक घेऊन चार गट ठरवले गेले. दोघांना नावे मिळाली, उरलेले दोन 'गट ३' आणि 'गट ४' म्हणून तात्पुरते ठेवले. ते अजून तसेच आहेत. बीटा-कॅटेनिन केंद्रकात शिरलेल्या चांगल्या गटातल्या मुलांचे उपचार किती कमी करायचे हेही सुटलेले नाही. रेडिओथेरपी पूर्ण वगळून पाहणारी एक छोटी चाचणी गाठी परतल्यामुळे लवकर थांबवावी लागली.

हिस्टोनच्या या बदलासाठी पहिले औषध अमेरिकेत २०२५ मध्ये, उपचारांनंतर पुन्हा वाढलेल्या गाठींसाठी, मंजूर झाले. ते द्यायचे तर रिपोर्टमध्ये हा बदल नोंदलेला असावा लागतो, आणि त्या नोंदीसाठी अनेक ठिकाणी आता पॉन्समध्ये सुई घातली जाते.