भिगवण संधिविकार पाहणी

पुणे जिल्ह्याच्या इंदापूर तालुक्यातील भिगवण येथे १९९६ साली सुरू झालेली, सांधे, स्नायू व हाडे यांच्या दुखण्यांची वैद्यकीय पाहणी. जागतिक आरोग्य संघटना व संधिवातविरोधी आंतरराष्ट्रीय संघ यांनी १९८१ च्या सुमारास आखलेल्या ‘कॉपकॉर्ड’ (संधिविकारांच्या नियंत्रणासाठीचा समाजाभिमुख कार्यक्रम) या कार्यक्रमाच्या पद्धतीने ती पुण्यातील संधिवाततज्ज्ञ अरविंद चोप्रा व त्यांच्या सहकाऱ्यांनी केली. उजनी जलाशयाकाठचे हे गाव एरवी रोहित पक्ष्यांसाठी प्रसिद्ध आहे.

रुग्णालयातील नोंदींवरून गावातील आजाराचे प्रमाण काढता येत नाही, कारण बोटे वाकडी झालेला रुग्ण शहर गाठतो, तर गुडघा शेकत घरी बसणारा कोणत्याच नोंदवहीत येत नाही. म्हणून या पद्धतीत आधी घरोघर चौकशी, मग दुखणे सांगणाऱ्यांकडून सविस्तर प्रश्नावली व शेवटी तज्ज्ञाकडून तपासणी, असे तीन टप्पे असतात. भिगवणला हे टप्पे एकापाठोपाठ न घेता समांतर चालवले गेले, त्यामुळे पहिली फेरी काही आठवड्यांतच पुरी झाली. प्रश्नावलीत मानवी शरीराची रेखाकृती असते व तिच्यावर दुखऱ्या जागी खूण केली जाते. ‘वात आहे’ या उत्तरात कंबर धरण्यापासून सांधे सुजण्यापर्यंत काहीही बसत असल्याने, शब्दापेक्षा ही खूणच अधिक भरवशाची मानावी लागते.

पाहणीतील ४,०९२ प्रौढांपैकी ७४६ जणांनी, म्हणजे १८.२ टक्क्यांनी, दुखणे असल्याचे सांगितले. त्यांत अस्थिसंधिशोथ (सांध्यांची झीज) व स्नायू-स्नायुबंधांची दुखणी यांचा वाटा मोठा होता.

संधिवाताभ संधिशोथाचे (ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस; शरीराच्या प्रतिकारशक्तीनेच सांध्यांवर हल्ला केल्याने होणारी सांध्यांची दीर्घकालीन सूज) प्रमाण मात्र वादाचे ठरले. भिगवणला ते सुमारे ०.५ टक्के आढळले, तर दिल्लीजवळच्या ग्रामीण भागातील, १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या मालवीय व सहकाऱ्यांच्या पाहणीत ०.७५ टक्के. दिल्लीची पाहणी आकाराने कितीतरी मोठी होती व तीत २९९ रुग्ण निश्चित झाले. भिगवणचा आकडा जेमतेम वीस रुग्णांवर उभा आहे, त्यामुळे चार-पाच रुग्ण इकडचे तिकडे झाले तरी तो लक्षणीय बदलतो. दोन्ही आकडे पाश्चात्त्य देशांतील सर्वसाधारण प्रमाणाच्या, म्हणजे ०.५ ते १ टक्क्याच्या, कक्षेत येतात. त्यामुळे हा आजार भारतात विरळा असल्याची समजूत यांपैकी कोणत्याही पाहणीवरून टिकत नाही. प्रमाणासाठी दिल्लीचा आकडा अधिक स्थिर आहे. दुखण्यांच्या एकूण चित्रासाठी मात्र भिगवणकडेच वळावे लागते, कारण तेथे एकाच आजाराचा शोध न घेता सर्व दुखणी नोंदवली गेली.

संधिवाताभ संधिशोथाच्या रुग्णांतील काहींना लोक आमवाताचे (आयुर्वेदातील एक सांधेदुखीचा रोग) रोगी म्हणतील. माधवनिदान या बहुधा सातव्या-आठव्या शतकातील आयुर्वेदीय ग्रंथात आमवाताचे स्वतंत्र वर्णन आहे. पुष्कळ लेखक आमवात व संधिवाताभ संधिशोथ एकच मानतात, परंतु त्या वर्णनात आमवातज्वराशी (ऱ्हुमॅटिक फीव्हर; सांधे व हृदय यांना बाधणारा वेगळा आजार) जुळणारी लक्षणेही असल्याने हे समीकरण सावधपणेच घ्यावे.

कॉपकॉर्डच्या पुढील पायऱ्या लोकशिक्षण व प्रतिबंध या होत. अक्षमता मोजण्याच्या साधनांतही भारतात बदल करावे लागले. पाश्चात्त्य प्रश्नावलीत खुर्चीतून उठणे व टबात स्नान करणे यांविषयी विचारलेले असते. भारतीय आवृत्त्यांत जमिनीवर मांडी घालून बसणे व शौचास उकिडवे बसणे जमते का, असे प्रश्न आले.