आमच्या आजीचं मुंबईचं अंतर "एक रात्र"

लहानपणी आमच्या कोल्हापूरच्या घरात कुणी विचारलं की मुंबई किती लांब, तर आजी किलोमीटर कधीच सांगायची नाही, "एक रात्र" म्हणायची. महालक्ष्मी एक्सप्रेसला बसायचं, डबा खायचा, झोपायचं, सकाळी मुंबई. आणि हे चुकीचं नव्हतंच, कारण विमानाचं सरळ अंतर जेमतेम ३०० किलोमीटर असलं तरी रेल्वेनं ते पाचशेच्या वर जातं, आपली गाडी मुंबईला जायचं म्हणून निघते आणि आधी पूर्वेला मिरजेला जाते. १८९१ मध्ये संस्थानानं लाईन टाकली ती मिरजेपर्यंत, तेव्हापासून हे वळण गळ्यात पडलंय ते पडलंय.

खरं तर कोल्हापूरचा विमानतळ काही आजकालचा नाही. उजळाईवाडीला छत्रपती राजाराम महाराजांनी तो १९३९ सालीच सुरू केला, तेव्हा भल्याभल्या शहरांकडं विमानतळ नव्हता! पुढं मात्र नुसती धरसोड. वायुदूत कंपनीचं विमान आलं गेलं, किंगफिशरचं मुंबई विमान होतं ते २०११ मध्ये बंद पडलं आणि मग सहा वर्षं काहीच नाही. छोटी शहरं विमानानं जोडायच्या सरकारी उडान योजनेत डिसेंबर २०१७ ला एअर डेक्कनचं १८ सीटचं विमान सुरू झालं, तेपण टिकलं नाही. त्यानंतर ट्रूजेट, २०२२ पासून स्टार एअर.

आता विमान भरत नव्हतं म्हणून बंद पडलं असं आपल्याकडं सरसकट म्हणतात, मला ते अर्धवटच वाटतं. एकतर आपली धावपट्टी बरीच वर्षं १३७० मीटरची, त्यावर एटीआरसारखं पंख्याचं विमान उतरायचं, मोठं जेट नाही. वर तेव्हा नाईट लँडिंग नव्हतं, म्हणजे सगळं दिवसाउजेडी उरकायचं. आणि खरी गोची मुंबईच्या स्लॉटची, म्हणजे उतरायला मिळणाऱ्या ठरावीक वेळेची, तिथं विमान १८ सीटचं असो की १८० चं, उतरायला धावपट्टी जवळपास तेवढाच वेळ अडवतं, मग गर्दीच्या वेळी छोट्याला जागा कोण देणार?

टाईमटेबलमध्ये मुंबईला एक तास लिहिलेला असतो, तोही असाच फसवा. एटीआर ताशी ५०० च्या आसपास जातं, म्हणजे हवेत पाऊण तास पुरे, पण तो तास मोजतात विमान स्टँडवरून हलल्यापासून मुंबईत स्टँडला लागेपर्यंत, आणि मुंबईवर नंबर लागला नाही की वर घिरट्या.

आमचे बाबा पहिल्यांदा विमानानं निघाले तेव्हा सवयीनं डबा घेतलेला. रंकाळा बघून झाला, चटणीचा वास आख्ख्या विमानात, दुसरी भाकरी मोडणार तेवढ्यात बेल्ट बांधा म्हणून अनाउन्समेंट. उरलेला डबा त्यांनी अंधेरीला जाऊन संपवला.