खुडूक न बसणारी कोंबडी

मावळात किंवा मुळशीत परसात पाळलेली गावठी कोंबडी बारा-पंधरा अंडी घालते आणि खुडूक बसते, म्हणजे अंडी घालणे थांबवून ती उबवायला बसते. खाली हात घातला की ती पिसे फुलवून गुरगुरते आणि टोचते. मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीतून प्रोलॅक्टिन हे संप्रेरक अधिक स्रवू लागले की तिच्या अंडाशयाचे काम थांबते. 21 दिवसांची उबवण आणि पुढे दोन-अडीच महिने पिलांची राखण यांत वेळ सरतो, आणि वर्षाकाठी जेमतेम 50 ते 60 अंडी हाती लागतात.

हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने वनराजा आणि ग्रामप्रिया या जाती विकसित केल्या, तेव्हा रंगीत पिसारा, काटकपणा आणि उकरून खाण्याची सवय राखली. खुडूक बसण्याची प्रवृत्ती मात्र जवळजवळ नाहीशी झाली. त्यामुळे वनराजा परसातही वर्षाला शंभरच्या आसपास अंडी देते आणि ग्रामप्रिया त्याहून अधिक. परंतु कोंबडीचे आईपण गेले, तर ते काम पाळणाऱ्याच्या अंगावर येते. माझ्या मते लहान शेतकऱ्याचा नफा-तोटा बहुतेक इथेच, पहिल्या महिन्यात ठरतो.

एक दिवसाच्या पिलाला अंगची ऊब टिकवता येत नाही, म्हणून पहिल्या आठवड्यात त्याला सुमारे 35 अंश सेल्सिअस तापमान लागते आणि पुढे दर आठवड्याला ते तीनेक अंशांनी उतरवतात. तापमापकापेक्षा पिलेच खरे सांगतात: उबेसाठी लावलेल्या बल्बखाली दाटीवाटीने चिवचिवत असतील तर थंडी, कडेला पांगून चोच उघडून धापा टाकत असतील तर उकाडा. पुण्याकडे थंडीत पहाटे पारा दहा अंशांखाली उतरतो. अशा रात्री वीज गेली की पिले एकमेकांवर चढतात आणि खालची गुदमरतात.

मानमोडी, म्हणजे राणीखेत, या रोगाची पहिली लस पाचव्या ते सातव्या दिवशी आणि गंबोरो या दुसऱ्या रोगाची चौदाव्या दिवसाच्या सुमारास देतात. लसीची कुपी बहुधा शंभर किंवा त्याहून अधिक मात्रांची असते आणि एकदा कालवल्यावर दोन तासांत संपवावी लागते. वीस पिलांसाठी ती एकट्याने फोडणे परवडत नाही, म्हणून शेजारच्या चार घरांनी पिले एकाच दिवशी आणावीत हे उत्तम.

कुक्कुटपालनातला साठ ते सत्तर टक्के खर्च खाद्याचा असतो. वर्षाला तीनशे अंडी देणाऱ्या फार्मवरच्या लेयरशी वनराजा किंवा ग्रामप्रिया विकतच्या खाद्यावर स्पर्धा करू शकत नाही. किडे, गवत आणि सांडलेले दाणे ती स्वतः टिपते, तेवढ्यातच तिचा फायदा आहे. संध्याकाळी खुराड्यात परतताना मूठभर कणी-कोंडा आणि थोडा शिंपल्यांचा चुरा द्यावा, कारण एका अंड्याच्या कवचाला सुमारे दोन ग्रॅम कॅल्शिअम लागते. लाडाने जास्त खाऊ घातलेल्या वनराजाला चरबी चढते आणि अंडी घटतात.

वनराजा-ग्रामप्रियाची अंडी घरीच उबवून पुढची पिढी काढण्याचा मोह टाळावा, कारण संकरातून आलेले गुण पुढच्या पिढीत विखुरतात. विकतची एकदिवसीय पिलेच घ्यावीत. गोठ्यात एखादी गावठी कोंबडी खुडूक बसलेली असेल, तर अंधार पडल्यावर तिच्याखालची अंडी काढून दहा-बारा पिले हलकेच सरकवावीत. बहुतेक वेळा सकाळी ती त्यांना आपलीच मानून उकिरड्यावर घेऊन निघते.