नव्या मोबाइल होममधल्या तक्रारी: दोष कुणाचा हे ठरायला इतकी वर्षं का लागली

माझ्या ऑफिसमधल्या एका मित्राच्या आईने गेल्या वर्षी नवं कोरं डबल-वाइड घर घेतलं, अमेरिकेतल्या दक्षिणेकडच्या एका गावात. तीन महिन्यांत बेडरूमचं दार चौकटीत बसेना आणि पहिल्या मोठ्या पावसात हॉलच्या छताला बरोब्बर मधोमध, पट्टी लावून काढल्यासारखा पिवळा डाग उमटला. त्या बाईंनी फॅक्टरीला फोन केला तर ते म्हणाले डीलरला विचारा, डीलर म्हणाला घर बसवणाऱ्या माणसांना विचारा, आणि बसवणारा म्हणाला की मला फॅक्टरीतून आलं तसं मी ठेवलं. चार आठवडे हेच चाललं होतं. मी फॉर्म भरायला मदत करायला म्हणून गेलो आणि मग हे सगळं असं का आहे ते वाचत बसलो, कारण ही टोलवाटोलवी त्या एका घराची नाही, तिला पन्नास-साठ वर्षांचा इतिहास आहे.

आपल्याकडच्या वाचकांसाठी आधी थोडं सांगतो. हे घर, म्हणजे मोबाइल होम, अख्खं कारखान्यात बनतं, लोखंडी चासीवर, खाली चाकं लावून ट्रकने ओढत नेतात. डबल-वाइड म्हणजे दोन अर्धी घरं वेगवेगळी येतात आणि जागेवर एकमेकांना जोडतात, त्या जोडाला तिथे मॅरेज लाइन म्हणतात. खाली काँक्रीटचे ब्लॉक रचून आधार देतात आणि वाऱ्याने हलू नये म्हणून लोखंडी पट्ट्यांनी जमिनीतल्या अँकरला बांधतात. हॉलमधला तो डाग मॅरेज लाइनवरच होता. म्हणजे पाणी जिथून आलं ती जागा अर्धी कारखान्याची आणि अर्धी अंगणातल्या कामाची, भांडणाचं मूळ तिथेच आहे.

सुरुवातीला ही घरं नव्हतीच, गाडीमागे ओढायचे ट्रेलर होते, सुट्टीत फिरायला. दुसऱ्या महायुद्धात कारखान्यांजवळ कामगारांना राहायला जागा नव्हती तेव्हा सरकारनेच ट्रेलर विकत घेऊन लोकांना त्यात ठेवलं, आणि युद्धानंतर परत आलेल्या सैनिकांनाही घरं मिळेनात, मग ट्रेलर हेच कायमचं घर झालं. पण रस्त्याच्या नियमांमुळे रुंदी ८ फूटच. १९५० च्या दशकाच्या मध्यात विस्कॉन्सिनमधल्या एल्मर फ्रे नावाच्या उत्पादकाने १० फुटी घर आणलं आणि ‘मोबाइल होम’ हे नावही त्यानेच रूढ केलं असं सांगतात. मग १२ फूट, मग १४. वस्तू घर झाली पण कागदावर ती गाडीच राहिली, बऱ्याच राज्यांत तिचं टायटल, म्हणजे मालकीचा कागद, गाडीसारखंच निघायचं आणि आजही कित्येक ठिकाणी निघतं. मला वाटतं पुढचा सगळा घोळ समजून घ्यायचा तर ही एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवायला हवी.

१९६३ पासून ही घरं कशी बनवायची याचं ए-११९.१ नावाचं एक मानक होतं, पण ते ऐच्छिक. काही राज्यांनी कायद्यात घेतलं, काहींनी नुसतं कागदावर घेतलं, आणि तपासणी कुठे कडक तर कुठे नावापुरती. त्याच काळात विक्री सुसाट वाढत होती, १९७२ साली एका वर्षात जवळपास पावणेसहा लाख घरं कारखान्यातून बाहेर पडली. एवढ्या घाईत बनलेल्या घरांच्या तक्रारी यायच्या तशा आल्या, गळकी छतं, पातळ भिंती, आणि सगळ्यात वाईट म्हणजे आगी. अरुंद घर, आतून पातळ प्लायचं पॅनेलिंग, खिडक्या इतक्या लहान की माणूस बाहेर पडू शकत नाही. लोक मेले त्यात. तक्रार करायची तर कुणाकडे, तर राज्याकडे, आणि कारखाना बहुतेक वेळा दुसऱ्याच राज्यात, इंडियानातलं एल्कहार्ट हे तर या धंद्याचं माहेरघर.

शेवटी १९७४ च्या ऑगस्टमध्ये संघराज्याचा कायदा झाला, आणि १५ जून १९७६ पासून बनणाऱ्या प्रत्येक घराला हड म्हणजे अमेरिकेच्या गृहनिर्माण खात्याची मानकं सक्तीची झाली. देशभर एकच नियम, धुराचा अलार्म, बाहेर पडता येईल अशी खिडकी, कारखान्यात तपासनीस. प्रत्येक भागाच्या बाहेर मागच्या बाजूला २ बाय ४ इंचांची लाल अॅल्युमिनियमची पट्टी, तिला सगळे हड टॅग म्हणतात. मित्राच्या आईच्या घराला अशा दोन पट्ट्या आहेत, दोन अर्ध्यांना दोन. त्यावर लिहिलेलं असतं की उत्पादकाच्या माहितीप्रमाणे आणि समजुतीप्रमाणे हे घर मानकांनुसार बनलंय. आत स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराआड आणखी एक कागद चिकटवलेला होता, डेटा प्लेट, कुठल्या वाऱ्याच्या झोनसाठी आणि किती बर्फाच्या वजनासाठी घर बनवलंय ते सांगणारा. बाईंना तो तिथे आहे हे माहीतच नव्हतं. तक्रार करताना पहिला नंबर विचारतात तो टॅगवरचा, म्हणून ज्यांच्याकडे असं घर आहे त्यांनी तो आजच कुठेतरी लिहून ठेवा.

या कायद्यात तक्रारींची जी यंत्रणा बसवली ती बरीचशी १९६६ च्या मोटारगाड्यांच्या सुरक्षा कायद्यावरून घेतलेली होती. गाडीत दोष निघाला की कंपनी सगळ्या मालकांना कळवते आणि दुरुस्त करते, तसंच इथे. दोष किती गंभीर त्याच्या पायऱ्या ठरवल्या, साधा दोष असेल तर मालकाला कळवायचं, जिवाला धोका असेल तर स्वतःच्या खर्चाने दुरुस्तही करायचं. आणि एका घराची तक्रार आली की त्याच साच्यातल्या बाकीच्या घरांतही तोच दोष आहे का ते उत्पादकाने तपासायचं, तक्रारींची नोंद ठेवायची. ही कल्पना खरंच चांगली होती, एका माणसाच्या पत्रामुळे जिने कधी पत्र लिहिलंच नाही अशा बाईचंही घर दुरुस्त होऊ शकत होतं.

पण गाडी तुमच्या अंगणात दोन तुकडे जोडून तयार होत नाही ना. कायदा कारखान्याच्या फाटकापर्यंत आला आणि तिथेच थांबला. घर ट्रकवर दोनशे मैल हादरत आलं, ओल्या जमिनीवर ब्लॉक रचले, लेव्हल नीट घेतली नाही, पट्टे सैल राहिले, यातलं काहीच त्याच्या कक्षेत नव्हतं, ते राज्यांवर सोडलेलं आणि अनेक राज्यांत त्याला नियमच नव्हता. मग दार बसत नाही म्हटलं की कारखाना बिनधास्त सांगू शकायचा की आमच्याकडून निघालं तेव्हा दार बसत होतं, आणि गंमत नाही, ते बऱ्याचदा खरंही असायचं. १९८० मध्ये कायद्यातलं नाव बदलून ‘मॅन्युफॅक्चर्ड होम’ केलं, लोक मोबाइल होमच म्हणत राहिले आणि भांडण होतं तसंच राहिलं.

ऑगस्ट १९९२ मध्ये फ्लोरिडात अँड्र्यू चक्रीवादळ आलं आणि ही घरं अक्षरशः भुईसपाट झाली, त्यानंतर १९९४ पासून वाऱ्याचे झोन आणि जास्त कडक नियम आले. पण बसवण्याच्या कामाचा प्रश्न तसाच भिजत पडला. ज्येष्ठ नागरिकांची एएआरपी नावाची मोठी संघटना आहे, तिने १९९९ मध्ये घरमालकांची पाहणी केली तर साधारण चारातल्या तिघांनी बांधकामात नाहीतर बसवण्यात काहीतरी अडचण आल्याचं सांगितलं.

२००० च्या डिसेंबरमध्ये कायद्यात जी सुधारणा झाली तिने पहिल्यांदा दोन्ही टोकं बांधली. बसवण्याची मानकं हवीत, बसवणाऱ्याला प्रशिक्षण आणि लायसन्स हवं, आणि वाद मिटवायची एक व्यवस्था हवी. प्रत्येक राज्याने आपली उभी करायची, नाही केली तर हड चालवणार. मात्र कायदा झाला तरी नियम यायला २००७ उजाडलं आणि वाद मिटवण्याची हडची योजना फेब्रुवारी २००८ मध्ये सुरू झाली. तोपर्यंतची सात वर्षं लोकांनी काय केलं असेल, तर आपापले पैसे घालून छत दुरुस्त केलं, नाहीतर बादली ठेवली.

मधल्या काळात २००५ चं कॅटरिना वादळ झालं, बेघरांना दिलेल्या ट्रेलरमध्ये फॉर्मल्डिहाइड वायूने लोकांचे डोळे-घसे जळायला लागले, आणि त्यातले बहुतेक सुट्टीत फिरायला न्यायचे ट्रेलर असल्याने त्यांना हडची मानकं लागूच नव्हती, लाल पट्टीच नाही. ते वेगळं प्रकरण आहे पण दुखणं ओळखीचं आहे.

नवी योजना कशी चालते तर तक्रार आली की उत्पादक, डीलर आणि बसवणारा या तिघांना एकत्र आणतात, आधी मध्यस्थी, जमलं नाही तर लवाद, आणि दुरुस्ती कोण करणार ते ठरवतात. पण दोन अटी आहेत. दोष असा हवा की त्याने माणसाला इजा व्हायचा किंवा किमती सामानाचं मोठं नुकसान व्हायचा धोका असेल, रंग उडाला किंवा कपाटाला ओरखडा आहे असल्या गोष्टी यात येत नाहीत, त्यासाठी वॉरंटी बघायची. आणि घर पहिल्यांदा बसवल्यापासून एक वर्षाच्या आत दोष कळवलेला पाहिजे. आपल्याकडे रेरात बांधकामाच्या दोषांना ताबा मिळाल्यापासून ५ वर्षं आहेत, त्यामुळे मला हे एक वर्ष फार कमी वाटतं, जमीन खचायला निदान दोन पावसाळे तरी जावे लागतात. करार करतानाच डीलरने या योजनेची माहिती द्यायची असते, पण सह्यांच्या त्या गठ्ठ्यात ती कोण वाचतं.

त्या बाईंचं घर बसवून तेव्हा सात महिने झाले होते. आम्ही फोन बंद केले आणि तिघांनाही एकाच दिवशी तेच पत्र पाठवलं, दोन्ही टॅगचे नंबर, घर बसवल्याची तारीख, डागाच्या बाजूला टेप धरून काढलेले फोटो. सतरा दिवसांनी बसवणारा जॅक घेऊन आला, मधल्या रांगेतले ब्लॉक एका बाजूने दीड इंच खाली गेलेले निघाले. घर लेव्हलला आल्यावर दार बसलं. छताचा जोड मात्र कारखान्याच्या माणसाने येऊन पुन्हा सील केला, आणि तो नीट झालाय की नाही ते आता जूनच्या पावसात कळेल.