कोड तपासणाऱ्या सॉफ्टवेअरला एवढी मेमरी कशासाठी लागते?

प्रोग्रॅम प्रत्यक्ष न चालवता, केवळ त्याचा कोड वाचून चुका हुडकण्याची पद्धत जुनी आहे. बेल लॅब्समधील स्टीफन जॉन्सन यांनी १९७८ साली सी भाषेसाठी लिहिलेले ‘लिंट’ हे अशा साधनांमधले पहिले प्रसिद्ध नाव. कोड वाचावा, संशयास्पद ओळी दाखवाव्यात आणि थांबावे, एवढेच त्याचे काम होते. आज कोड तपासणारे सोनारक्यूबसारखे सॉफ्टवेअर स्वतःच्या संगणकावर बसवायचे म्हटले, की मात्र गरजांची लांबलचक यादी समोर येते आणि बरेच जण ती न वाचताच पुढे जातात. माझ्या मते हे नुकसानीचे आहे, कारण त्या आकड्यांमागे सॉफ्टवेअरची अंतर्गत रचना असते आणि ती समजली की बहुतेक अडचणींचे मूळ लगेच सापडते.

मेमरीचेच पाहा. ‘रक्कम = दर * नग’ या एका ओळीचे विश्लेषण करताना तिची वृक्षासारखी रचना तयार होते: मूल्य देण्याची क्रिया, गुणाकार आणि तीन नावे, अशा किमान पाच गाठी. प्रत्येक गाठीसोबत ओळ क्रमांक, प्रकार आणि ते नाव इतरत्र कुठे वापरले आहे याचे दुवे जपावे लागतात, त्यामुळे डिस्कवर लहान दिसणारी फाइल मेमरीत कितीतरी पट जागा व्यापते. शिवाय सोनारक्यूबच्या सर्व्हरमध्ये वेब, अहवालांवरील प्रक्रिया आणि शोध अशी तीन कामे जाव्हाच्या स्वतंत्र प्रोसेस करतात व प्रत्येकीला आपापली मेमरी राखून ठेवावी लागते. कोड वाचणारा स्कॅनर याहून वेगळा असतो. तोही त्याच संगणकावर चालवायचा असेल, तर त्याच्या मेमरीचा हिशेब निराळा धरावा.

लिनक्सवर खरी अडचण होते ती शोध यंत्रणेपाशी. हे काम इलॅस्टिकसर्च करते. ते आपल्या अनुक्रमणिकेच्या फाइली थेट मेमरीच्या पत्त्यांशी जोडून वाचते आणि एका प्रोसेसला असे किती जोड करता येतील, यावर कर्नलची, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याची, मर्यादा असते. ही मर्यादा अनेक लिनक्स प्रणालींत दीर्घकाळ ६५,५३० होती, तर इलॅस्टिकसर्चला किमान २,६२,१४४ लागते. त्यामुळे भरपूर रॅम असूनही सर्व्हर सुरू होताच बंद पडतो. लॉगमधील, म्हणजे सॉफ्टवेअरच्या नोंदींमधील, संदेशात ‘व्हर्च्युअल मेमरी’ हे शब्द दिसल्याने माणूस रॅम वाढवायच्या मागे लागतो, पण उपाय कर्नलची ती एक सेटिंग बदलण्याचा असतो. हीच यंत्रणा रूट या सर्वाधिकार असलेल्या वापरकर्त्याच्या नावाने सुरू होण्यासही नकार देते, म्हणून तिच्यासाठी वेगळे खाते उघडावे.

डिस्क वेगवान असावी आणि तिच्यावर मोकळी जागाही राहावी. इलॅस्टिकसर्चच्या मूळ सेटिंगनुसार डिस्क ९५ टक्के भरली की अनुक्रमणिकांमध्ये नवे लिहिणे थांबते. विश्लेषण पूर्ण होऊनही निकाल पडद्यावर येत नाहीत, तेव्हा आधी डिस्क तपासावी. प्रोसेसरबद्दल फारसे सांगण्यासारखे नाही, मात्र जाव्हाची आवृत्ती सोनारक्यूबच्या त्या त्या प्रकाशनाला जुळणारीच हवी, कारण केवळ नवी असणे पुरत नाही.

डेटाबेसचा निर्णय सर्वांत आधी घ्यावा. सोनारक्यूबसोबत येणारा अंतर्गत डेटाबेस फक्त चाचणीपुरता असतो. त्यात साठलेला इतिहास पुढे पोस्टग्रेएसक्यूएलसारख्या स्वतंत्र डेटाबेसमध्ये हलवता येत नाही व सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीतही नेता येत नाही.